समुद्रासाठी बांधलेले किडे

जेवणाच्या टेबलावर माझ्यापुढे दोन किडे पडले आहेत. एक गंजलेला, एक चावलेला. हे खरे किडे नव्हेत. गळाला पीस, केस आणि दोरा गुंडाळून माशाला फसवण्यासाठी जो खोटा जीव बांधतात, त्याचं पुस्तकातलं नाव फ्लाय. रशीद आणि मी बाळापूरला शाळेत असताना ते बांधायला लागलो तेव्हा हे नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही किडाच म्हणायचो, अजूनही तेच म्हणतो.

दुपारपासून मी टेबलापाशी बसतो आणि उठतो. पंखा लावला की केस उडतात, बंद केला की बोटांना घाम येतो आणि दोरा निसटतो. अमरावतीचा एप्रिल असाच असतो. बायकोनं दोनदा विचारलं, टेबल मोकळं होणार आहे की नाही. होईल म्हणालो आणि बसून राहिलो. ती आत गेल्यावर मात्र उठलो, गॅलरीत जाऊन आलो. जमीन मोजणीच्या खात्यात माझी उमर गेली. नांदगाव खंडेश्वरकडच्या शेतांत बांधावर दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर जात असताना साखळी ताणून सरळ धरणं मला जमत आलं आहे. आज मात्र एक दोरा सरळ धरता येत नाही. पाच वाजता रशीदचा फोन यायचा आहे.

पत्र्याच्या डबीचं झाकण उघडलं की मेणाचा वास येतो. मधमाशांच्या पोळ्याचं, थोडं करपट, मधाची आठवण ठेवलेलं मेण. त्यावरून दोरा ओढला की बारीक किर्रर्र असा आवाज होतो. त्या आवाजासरशी मी बाळापुरात असतो, रशीदच्या अब्बांच्या दुकानाच्या मागच्या ओट्यावर.

त्यांचं दुकान सेहऱ्यांचं होतं. लग्नसराईत गल्लीच्या तोंडापासूनच मोगऱ्याचा वास सुरू व्हायचा. त्यात ओल्या सुतळीचा, खळीचा आणि कुठल्याशा अत्तराचा वास मिसळलेला असे. नवरदेवाच्या तोंडावर सोडायच्या लडी छताच्या खिळ्यांना टांगलेल्या, आणि खाली बादल्याचे, म्हणजे चपट्या चंदेरी तारेचे तुकडे पडलेले. उन्हाची तिरीप आली की ओटा चमचमायचा. आम्ही ते तुकडे वेचायचो. टिकल्याही वेचायचो. अब्बा बघायचे आणि बोलायचे नाहीत. सिझन संपला की त्यांची बोटं सुईनं चाळणी झालेली असत आणि ते आठ-आठ दिवस कुणाशीच बोलत नसत.

ही डबी धरणावरच्या विश्रामगृहात उतरलेल्या कुणा साहेबाची. ती आमच्याकडे कशी आली याबद्दल रशीदची एक हकिकत आहे आणि माझी दुसरी. दोन्ही जुळत नाहीत. डबीत एकच किडा होता, डाळीच्या दाण्याएवढा, तपकिरी. तो आम्ही पाण्यात टाकला नाही. तो आम्ही उलगडला. रशीद नखानं दोरा सोडवत गेला आणि मी वेढे मोजत गेलो. गाठीपासून उलट्या दिशेनं. मानेपाशी आठ वेढे निघाले. मग पीस सुटलं, मग पोटावरची लोकर, आणि शेवटी नुसता काळा गळ हातात राहिला. त्या दुपारी आम्ही एक किडा गमावला आणि किडे बांधायला शिकलो.

गळ घट्ट धरून ठेवायचं जे छोटं यंत्र असतं, ते आम्ही फार पुढे पाहिलं. आमच्याकडे सायकलवाल्याची एक पकड होती. मी पकडीत गळ धरायचो आणि रशीद दोरा गुंडाळायचा. एक किडा, चार हात. त्याची बोटं सेहऱ्याच्या घरची. माझी नुसती ताठ. म्हणून मोजणीही माझ्याकडे आली. तो घाईचा. सहा-सातवर आला की गाठ मारायला बघायचा.

"आठवा राहिला," मी म्हणायचो.

"मासा काय वेढे मोजून खाते का बे?"

"मले नाई मालूम. आठ होते."

तो शिव्या घालत आठवा वेढा घालायचा. मग तयार किडा तोंडात धरून ओला करायचा आणि उजेडाकडे करून बघायचा. पाण्यात पीस कसं बसेल ते असं कळतं म्हणे. मला त्याची किळस यायची. आमच्या घरी मासा चालत नव्हता. वडील पौरोहित्य करायचे. नदीवरून आलो की आई मला मागच्या अंगणात हौदापाशी उभं करून डोक्यावरून पाणी ओतायची, मगच घरात घ्यायची. पकडलेले मासे सगळे रशीदकडे जायचे. त्याची अम्मी हसून म्हणायची, एक खाते, एक मोजते, अशी जोडी अल्लानं काढली.

हिवाळ्यात जिनिंगच्या कुंपणाला कापूस अडकलेला असे. बैलबंड्यांतून उडालेला, धूळ खाल्लेला. तो वेचून चहाच्या पाण्यात बुडवला की किड्याच्या पोटाचा रंग यायचा. अजून फिका हवा तर हळद. कोंबड्याच्या मानेची पिसं खाटकाकडून. मोराचं पीस शेतात सापडलं तर आठवडाभर आमचा तोरा. किल्ल्याखाली मन नदीच्या डोहावर सकाळचं धुकं उठायचं. त्यात बांबूच्या काडीला मेण लावलेली सुताची दोरी बांधून आम्ही उभे. किडा पाण्यावर उतरायचा आणि नुसता बसायचा. हलवायचा नाही. श्वाससुद्धा हळू. मग पाण्याला एक पुळी यायची, टप्प, आणि बोटभर चांदी हवेत. डोह, धुकं, कुठूनतरी येणारा सरकीच्या ढेपेचा वास, आणि ते स्वस्थ बसणं. इतका स्वस्थ मी पुढे कधी बसल्याचं मला आठवत नाही.

पुढे मी अमरावतीला आलो, रशीद अकोल्याच्या उर्दू शाळेत चित्रकलेचा मास्तर झाला. रविवारी बार्शीटाकळीवरून महानच्या धरणावर भेटायचो. दोघांकडे यंत्र आलं, चांगले दोरे आले. मीही एकट्यानं बांधायला शिकलो, माझेही किडे मासे घेऊ लागले. पण धरणावर बसलो की पकड मी घ्यायचो आणि दोरा तो. यंत्र पिशवीतच राहायचं. वर्षं अशीच गेली. ती मोजायला हवी होती, ती मात्र मी मोजली नाहीत.

मग एका सकाळी शाळेत फळ्यापाशी उभा असताना रशीदच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय बराचसा परत आला. हात आला नाही. त्याची मुलगी नाझिया दातांची डॉक्टर आहे, रत्नागिरीकडे खाडीकाठच्या एका गावात तिचा दवाखाना आहे. ती त्याला घेऊन गेली. फोनवर तो हो-नाही इतकंच बोलायचा. पुढे तेही कमी झालं. मी फोन करायचो आणि नाझियाच बोलायची.

एक दिवस तिनं स्वतःहून फोन केला. म्हणाली, "काका, अब्बू दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात. काल जेट्टीवर नेलं होतं. तिथं पोरं मासे धरत होती, ते बघत राहिले. घरी आल्यावर म्हणाले, त्याले म्हना समुद्रासाठी किडे बांध. इथं आल्यापासून त्यांनी पहिल्यांदा काही मागितलंय. तुम्ही नाही म्हणू नका."

नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. पण समुद्र मी जन्मात दोनदा पाहिलेला, तोही लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर. खाऱ्या पाण्यातल्या माशांसाठी कसं बांधतात ते मी मोबाईलवर पाहू लागलो आणि माझी झोप गेली. सगळंच उलटं होतं. गळ बोटाएवढा. केस वीतभर. गोड्या पाण्यात आपण किडा बांधतो, तिथं मासा बांधायचा असतो. मोठ्या माशाच्या पुढे जीव घेऊन पळणारा छोटा मासा. तो पाण्यावर बसायचा नाही, झटके देत ओढायचा. मी इतकी वर्षं बसणाऱ्या गोष्टी बांधत आलो होतो. पळणारी गोष्ट कशी बांधायची, तिचे केस मागे कसे निजवायचे, डोकं जड करून पोट हलकं कसं ठेवायचं, यातलं बोटांना काही ठाऊक नव्हतं. केस जास्त घेतले की केरसुणी व्हायची, कमी घेतले की कंगाल उंदीर. बायको म्हणाली, दाढीचा ब्रश आहे का हा.

शेवटी सहा बरे जमले. बकऱ्याच्या शेपटीचे केस, रेशमी दोरा, आणि पोटावर बादला, कारण माझ्या मनात चंदेरी म्हणजे सेहरा. गळ इथल्याच दुकानातले, मोठ्यातले मोठे. डोक्यावर बायकोचं नेलपॉलिश.

पाठवायच्या आधी तपासायला हवेत. मी न तपासता काही पुढे पाठवत नाही. माझी सासुरवाडी दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, दूध घातलं तर चहा फाटतो, साबणाला फेस येत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा तांब्या तोंडाला लावला आणि सासऱ्यांसमोर थुंकता येईना म्हणून गिळला. ती चव तीस वर्षं जिभेवर आहे. खारं पाणी म्हणजे काय ते आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना कुणी शिकवावं? मी तिथून एक कॅन भरून आणला, बादलीत ओतला आणि सहाही किडे आठवडाभर त्यात बुडवून ठेवले. रोज सकाळी बघायचो. काही झालं नाही. आठव्या दिवशी पुसून, वाळवून, कापसात ठेवून पाठवले. समाधान वाटलं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

नाझियानं त्याला मासे धरायची काठी घेऊन दिली होती, डाव्या हातानं फेकायला शिकवत होती. दोन दिवस संध्याकाळी तो जेट्टीवर गेला. तिसऱ्या दिवशी डबी उघडली तर सहाही गळ तांबूस. बादला काळा पडलेला. त्यानं एक किडा डाव्या हाताच्या तळव्यावर ठेवला होता, तिथं तपकिरी डाग राहिला. नाझियानं त्या तळव्याचा फोटो पाठवला नाही, नुसतं सांगितलं. काठी त्यानं कपाटामागे उभी केली आणि तो परत भिंतीकडे वळला. एक किडा तिनं मला परत पाठवला, का बिघडलं ते बघा म्हणून. तोच हा, टेबलावरचा.

ते दिवस वाईट गेले. मोजणीच्या कामात लक्ष नाही, जेवणात नाही. विहिरीच्या त्या पाण्यात लिटरला दोन-चार ग्रॅम मीठ असेल नसेल. समुद्रात साधारण पस्तीस. हा हिशेब कॅन भरण्याआधी दोन मिनिटांत झाला असता. मी तो केला नाही, कारण मला चव माहीत होती. वाटत होतं, माणसानं इतक्या दिवसांनी एक गोष्ट मागितली आणि मी ती त्याच्या हातावर गंज करून दिली. आता तो पुन्हा मागणार नाही.

फोन करायचं धैर्य होईना. केला तेव्हा नाझियाला म्हणालो, त्याच्या कानाला लाव, तो बोलला नाही तरी चालेल. आणि मी सगळं सांगितलं. सासुरवाडी, कॅन, बादली, रोज सकाळचं बघणं. मला वाटलं फोन कट झाला. मग एक आवाज आला, घोगरा, अडखळत.

"अबे… तुले समुद्र म्हंजे… सासऱ्याची हीर वाटली काय?"

आणि तो हसायला लागला. हसताना त्याला ठसका लागला, भांडं पडल्याचा आवाज आला, नाझिया धावत आल्याचा आवाज आला. मी फोन धरून उभा होतो. हसू थांबलं. परत बांध असं मात्र तो म्हणाला नाही.

मीच बांधायला बसलो. या वेळी न गंजणारे स्टीलचे गळ मागवले, नायलॉनचा दोरा, प्लास्टिकचे चमकदार केस, दोन नळ्यांतला मिसळायचा गोंद. त्या केसांना कसलाच वास नाही. मेण लागत नाही. कापूस नाही, हळद नाही, मोर नाही. बांधताना असं वाटायचं की हात कुणा दुसऱ्याच्या घरात काम करताहेत. फक्त डोळ्यासाठी काहीतरी हवं होतं. बाळापूरला जाऊन आलो. सेहऱ्याचं दुकान आता मोबाईल कव्हरचं आहे, ओट्यावर फरशी आहे. गल्लीत मोगऱ्याचा वास नव्हता, किंवा मी चुकीच्या महिन्यात गेलो. पण कोपऱ्यावर शिवणसामानाच्या दुकानात टिकल्या मिळाल्या, प्लास्टिकच्या. न गंजणाऱ्या.

पोस्टानं पाठवायचा धीर नव्हता. बडनेऱ्याहून गाडी धरली.

रशीद वाळला आहे. मी दारात उभा राहिलो तर त्यानं डाव्या हातानं नमस्कार केला आणि तो हात लगेच पुढे केला, डबीसाठी. एक किडा उचलून तोंडात धरला, ओला केला, खिडकीच्या उजेडाकडे केला. टिकलीचा डोळा चमकला. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"सेहऱ्याची हाय ना?"

मी हो म्हणालो. मन नदीवर तो किती बडबडायचा ते आठवलं. आता दर शब्दामागे तो विहिरीतून पोहरा ओढावा तसा ओढत होता.

संध्याकाळी भरती चढत असताना नाझियानं आम्हाला जेट्टीवर सोडलं. पाण्याला डिझेलचा, चिखलाचा आणि कशाचातरी कच्चा वास. कावळे, होड्यांची इंजिनं, दगडांवर पाण्याचा न थांबणारा चुबुक चुबुक आवाज. इथं काहीच बसत नव्हतं. रशीद डाव्या हातानं फेकायचा तर किडा पायापाशीच पडायचा. पाचदा, सातदा. त्याच्या कपाळाची शीर फुगली होती. मला वाटलं आता काठी टाकतो आणि घरी चल म्हणतो. त्याच्याऐवजी फेकायला मी हात पुढे केला. त्यानं कोपरानं तो ढकलला.

मग एकदा दोरी थोडी लांब गेली. त्यानं काठी काखेत दाबली आणि डाव्या हातानं दोरी ओढू लागला. उजव्या हातातून सगळं निघून गेलं होतं, तरी डाव्यातले झटके ओबडधोबड, भेदरलेले, अगदी पळणाऱ्या माशासारखे होते. पाण्यात एक लांब चंदेरी रेघ वळली. काठी वाकली, थरथरली, आणि सरळ झाली. एवढंच.

दोरी ओढून घेतली तर हा किडा. वीतभर केसांतले अर्धे गेलेले, उरलेले दातऱ्या कात्रीनं कापल्यासारखे. नाझिया नंतर म्हणाली, टोळ मासा असेल, चोच लांब आणि दात सुयांसारखे. रशीदनं किडा डोळ्यांजवळ नेला. मानेपाशी नखानं दोरा खरवडून पाहिला. हलला नाही. गळ पांढरा होता. मग त्यानं तो चावलेला किडा जिभेला लावला, तोंड वाकडं केलं आणि थुंकला.

"हे खारं पानी हाय," तो म्हणाला. "केस तोडले त्यानं. दोरा नाई तुटला." आणि मी नुसता उभा आहे असं पाहून, "आता काहून उभा राह्यला? बांद दुसरा. मी मोजतो."

तिथं जेट्टीवरच्या दगडावर बसून बांधता आलं नाही. वारा होता. दोन दिवसांनी मी अमरावतीला परत आलो. चावलेला किडा त्यानं माझ्या खिशात घातला, नमुना म्हणून. उरलेले स्वतःकडे ठेवले. केस अजून आखूड हवेत, लांब ठेवले तर दात शेपटातच लागतात, गळापर्यंत येत नाहीत, हा त्याचा निष्कर्ष. तो बरोबर आहे. मी आखूड केस कापून ठेवले आहेत.

पाच वाजले. फोन आला. मी तो डबीला टेकवून उभा केला आणि गळ यंत्रात अडकवला. पडद्यावर अर्धा रशीद, अर्धी खिडकी, मागे होडीचं इंजिन. काठी कपाटामागे नव्हती, त्याच्या खुर्चीला टेकवलेली दिसत होती.

"पंखा बंद कर," तो म्हणाला. "केस उडून राह्यले."

उठून पंखा बंद केला. बायको कणकेची परात घेऊन दारात उभी होती. तिनं पाहिलं आणि ती परात घेऊन जमिनीवर बसली.

"हां. चाल."

दोरा नायलॉनचा, त्याला मेण लागत नाही. तरी सवयीनं मी तो एकदा मेणावरून ओढला. किर्रर्र. पलीकडे रशीद थोडा पुढे झुकला.

"एक," तो म्हणाला. "दोन." मी गुंडाळू लागलो. तीन, चार. मध्ये थांबला, इंजिनाचा आवाज जाऊ दिला. पाच. सहा. प्रत्येक आकड्याला त्याला वेळ लागत होता आणि मी दोरा ताणून धरून थांबत होतो. सात.

मग तो म्हणाला, "नऊ."

बायकोनं मान वर केली. नऊ या शब्दावर मी आठवा वेढा घातला, सावकाश, सातव्याला चिकटून, आणि दोरा ताणून धरून म्हणालो, "झाले. गाठ मारू?"

"मार," रशीद म्हणाला.